टाकून दिलेल्या शॉट्सची शाळा

मंगलाष्टकं संपत येतात. भटजींचा आवाज चढतो, शेवटचं ‘सावधान’ होतं, वाजंत्री एकदम सुरू होते आणि अंतरपाट दूर होतो. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडे या क्षणाचे तीन कॅमेऱ्यांतले तीन शॉट असतात. एकात नवरा-नवरी हार घेऊन समोरासमोर. दुसऱ्यात अक्षता उधळणारा अख्खा मांडव. तिसऱ्यात मुलीच्या पाठीशी उभा असलेला तिचा मामा. त्याने मान वळवून बाहीने डोळे टिपलेत आणि नेमका तिथेच फोकस जरा गेलाय. क्षण दोन सेकंदांचा. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर 50 फ्रेम. मामा दाखवायचा का? अंतरपाट सरकण्याआधी की नंतर? आणि दाखवलाच तर त्याला या पन्नासातल्या किती फ्रेम द्यायच्या?

तालुक्याच्या एका गावी भरलेल्या शिबिरात लग्नांचं एडिटिंग करणाऱ्या एका मुलाने हे तिन्ही शॉट मला दाखवले. त्याची बोटं कीबोर्डवर माझ्यापेक्षा चपळ चालत होती. मामाचा शॉट त्याने फोकस गेला म्हणून काढून टाकला होता, पण मनातून तो जात नव्हता. ‘‘सर, सॉफ्टवेअर मला येतं,’’ तो म्हणाला, ‘‘कुठला शॉट ठेवायचा, ते कुठे शिकतात?’’

मला त्याला तिथल्या तिथे धड उत्तर देता आलं नाही. हा आढावा त्याच्यासाठी. संकलन आणि त्यानंतरची ध्वनीची, रंगाची कामं शिकू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींपुढे आज काय काय साधनं आहेत, आणि कुठलं साधन त्यांना कुठवर नेऊन सोडतं, हे एकदा नीट मांडून पाहायला हवं.

ही साधनं तोलायचं माझं एक माप आहे, ते आधीच सांगतो. संकलनात जोडणं दिसतं, पण कामाचा मोठा भाग टाकण्याचा असतो. संकलक वॉल्टर मर्च यांनी स्वतःच्या पुस्तकात ‘अपोकॅलिप्स नाउ’चा हिशेब दिला आहे: साडेबारा लाख फूट फिल्म चित्रित झाली होती, म्हणजे 230 तासांहून अधिक, आणि 1979 साली पडद्यावर आला तो अडीच तासांच्या आसपासचा सिनेमा. पडद्यावरच्या एका मिनिटामागे सुमारे 95 मिनिटं बाजूला पडली. तो सिनेमा शंभर वेळा पाहिला तरी ती 95 मिनिटं दिसत नाहीत. मूर्तिकाराने काढलेला दगड मूर्तीकडे बघून निदान अंदाजाने कळतो. संकलकाने काय काढलं याचा मागमूस राहत नाही. म्हणून शिकण्याच्या प्रत्येक साधनाला मी एकच विचारतो: टाकलेलं मला दाखवतोस का?

अवजारांचं आधी उरकून घेऊ, कारण तिथे फार अडचण उरलेली नाही. सिनेमाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत संकलकाकडे कात्री, चिकटवायला सिमेंट आणि उजेडासमोर पट्टी धरून बघणारे डोळे एवढंच होतं. दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून आणलेल्या कोऱ्या फिल्मला कडेची भोकं घरीच पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई रात्री अंधारात करत. 1924 मध्ये अमेरिकेत मूव्हिओला आला, पुढे हॅम्बुर्गच्या स्टीनबेक कंपनीचं आडवं टेबल आलं. त्यावर फिल्मच्या आणि आवाजाच्या अशा थाळ्या गरगरत आणि मधल्या छोट्या काचेवर चित्र दिसे. 1989 मध्ये ॲव्हिडने हे सगळं संगणकात नेलं, 1991 मध्ये प्रीमियर आलं, 1999 मध्ये फायनल कट प्रो. मर्च यांनीच ॲव्हिडवर संकलित केलेल्या ‘द इंग्लिश पेशंट’ला संकलनाचं ऑस्कर मिळालं, तेव्हापासून संगणकावरचं काम कमअस्सल आहे का हा वाद मिटत गेला.

आपल्यासारख्यांसाठी खरी कलाटणी नंतरची. दा विंची रिझॉल्व्ह ही रंगसंस्काराची यंत्रणा एके काळी काही लाख डॉलरला विकली जाई. ब्लॅकमॅजिक डिझाइनने 2009 मध्ये ती बनवणारी कंपनी घेतली आणि 2011 मध्ये तिची मोफत आवृत्ती काढली. पुढे तिच्यात संकलन आलं, ध्वनीसाठी फेअरलाइट आलं. आज साध्यापेक्षा थोडा बरा लॅपटॉप असलेल्या कुणालाही कापण्यापासून मिक्सिंगपर्यंतचं सगळं एका छताखाली, एक पैसा न देता मिळतं. शिवाय कंपनीची जाडजूड शिकवणी पुस्तकं सरावाच्या चित्रफितींसह मोफत उतरवून घेता येतात. लॅपटॉप जुना असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट आहेच, आणि फोनवर काईनमास्टरसारखी ॲप्स वापरून मुलं पूर्ण लघुपट कापतात. कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, या चर्चेत शिकणाऱ्याने एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ घालवू नये. जे हाताशी आहे ते घ्यावं, त्यातले दहा-बारा शॉर्टकट बोटांत मुरवावेत आणि कामाला लागावं.

यूट्यूबवरच्या शिकवण्या हिंदीत, मराठीत, इंग्रजीत ढिगाने आहेत. कुठलं बटण दाबल्यावर काय होतं, हे त्या उत्तम सांगतात. त्यांचं काम तिथे संपतं. अंतरपाटाच्या मुलाने अशाच शिकवण्यांतून सगळं शिकून घेतलं होतं आणि त्यांनी त्याला जिथे आणून सोडलं, तिथे तो मला भेटला.

आता पुस्तकं. इंग्रजी वाचता येत असेल तर मर्च यांचं ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ (1995) पहिल्यांदा वाचावं. शंभर-दीडशे पानांचं आहे, एका रविवारात होतं. कट चांगला आहे का, हे ठरवायला त्यांनी सहा कसोट्या सांगितल्या आहेत: भावना, कथा, लय, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे ती जागा, पडद्याच्या सपाटीवरची मांडणी आणि खऱ्या जागेतलं सातत्य. त्यांना वजनंही दिली आहेत: अनुक्रमे 51, 23, 10, 7, 5 आणि 4 टक्के. हे आकडे पाठ करून उपयोग नाही, पण क्रम मनावर कोरून घ्यावा. नवशिका संकलक हाच क्रम नेमका उलटा लावतो. चहाचा कप आधीच्या शॉटमध्ये डाव्या हातात होता, आता उजव्या हातात आहे, म्हणून तो अभिनयाचा सर्वांत जिवंत टेक टाकून देतो. मर्च यांच्या हिशेबाने त्याने चार टक्क्यांसाठी एक्कावन्न टक्के घालवले. फोकस हलला म्हणून मामाला काढणारा मुलगाही हेच करत होता, आणि त्याच्या मनातली रुखरुख त्याला क्रम चुकल्याचंच सांगत होती.

मर्च यांची एक सवय कुणालाही उचलता येईल. प्रत्येक सेटअपमधली निवडक स्थिरचित्रं काढून ते दृश्याच्या क्रमाने भिंतीवर लावत. शेजारी शेजारी कधीच न आलेले दोन चेहरे भिंतीवर अचानक एकमेकांकडे बघू लागतात आणि पटकथेत नसलेला जोड सापडतो. फोनमधून छोट्या प्रती छापून घेतल्या तर खर्च वडापावाच्या हिशेबातला आहे.

कॅरेल राइझ यांचं ‘द टेक्निक ऑफ फिल्म एडिटिंग’ (1953) हे फिल्म शाळांमधलं जुनं पाठ्यपुस्तक. त्यातली यंत्रं कालबाह्य झाली, पण दृश्यांचं एकेका कटाने केलेलं विच्छेदन अजून धारदार आहे. एडवर्ड डमिट्रिक यांचं ‘ऑन फिल्म एडिटिंग’ (1984) पातळ आणि ठाम आहे. कारण नसताना कापू नका, हा त्यांचा पहिलाच आग्रह. रील्सच्या काळात तो भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

माझ्या मापाने मात्र सर्वांत मोलाचं पुस्तक राल्फ रोझेनब्लम यांचं ‘व्हेन द शूटिंग स्टॉप्स’ (1979). वुडी ॲलन यांचा ‘ॲनी हॉल’ लिहिला आणि चित्रित झाला, तेव्हा तो एका माणसाच्या डोक्यातल्या विचारांचा पसरट, फाटे फुटलेला सिनेमा होता. प्रेमकथा हा त्यातला एक धागा. कापताकापता बाकीचं गळत गेलं आणि तोच धागा सिनेमा झाला. काय गळलं आणि का, हे रोझेनब्लम सांगतात. सिनेमा संकलनाच्या टेबलावर पुन्हा लिहिला जातो, हे वाक्य सगळेच ऐकवतात. इथे ते प्रत्यक्ष होताना दिसतं.

मराठीत काय आहे? अरुण खोपकरांचं ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’ आणि त्यांची ‘चित्रव्यूह’, ‘चलत्-चित्रव्यूह’ ही पुस्तकं वाचल्याशिवाय मराठी मुलाने इंग्रजीकडे जाऊ नये असं मला वाटतं. ती संकलनाची हस्तपुस्तकं नाहीत. पण शॉट कसा बघायचा, त्यातला उजेड आणि हालचाल यांचं नातं शब्दांत कसं पकडायचं, हे त्यांच्याइतकं नेमकं मराठीत फार थोड्यांनी लिहिलं आहे. उणीव आहे ती कामाच्या टेबलावरून लिहिलेल्या पुस्तकांची. आपल्याकडे नटांची आत्मचरित्रं रांगेने आहेत, दिग्दर्शकांच्या आठवणी आहेत, गायकांच्या आहेत. संकलकाने या दृश्याचे सात टेक होते, मी पाचवा का घेतला, असं मराठीत लिहून ठेवलेलं मिळवायला धडपडावं लागतं. ही माणसं आपल्यात आहेत, काहींनी स्टीनबेकवर हात काळे केले आहेत. ती बोलती असेपर्यंत त्यांच्यासमोर रेकॉर्डर ठेवायला हवा.

रेणू सलुजांचं उदाहरण याच संदर्भात आठवतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या या बाईंनी ‘जाने भी दो यारो’ कापला, पानवलकरांच्या कथेवरचा आणि तेंडुलकरांनी लिहिलेला ‘अर्धसत्य’ कापला. ‘परिंदा’, ‘धारावी’, ‘सरदार’ आणि ‘गॉडमदर’साठी चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. 2000 साली त्या गेल्या, वय पन्नाशीच्या आत. ‘परिंदा’त इन्स्पेक्टर प्रकाशला गोळ्या घातल्या जातात तेव्हा कबुतरं उडतात. ते दृश्य आवाज बंद करून पाहा, मग चित्र न बघता नुसतं ऐका. पंखांची फडफड किती कटांमधून सांडत जाते, ते मोजा. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा गृहपाठ नेहमी देतो. पण त्या फडफडीसाठी सलुजांपुढे किती फूट कबुतरं होती आणि त्यांनी किती बाजूला ठेवली, हे गृहपाठातून कळत नाही.

इथे सिनेमे पाहून शिकण्याची मर्यादा लागते, आणि ती ओलांडायच्या काही वाटाही आहेत.

एक वाट म्हणजे एकाच सिनेमाच्या अनेक आवृत्त्या. ‘अपोकॅलिप्स नाउ’ची 2001 ची ‘रिडक्स’ आवृत्ती मूळ सिनेमापेक्षा 49 मिनिटांनी लांब आहे, आणि 2019 ची ‘फायनल कट’ या दोन्हींच्या मधली. 1979 मध्ये काढलेला फ्रेंच मळेवाल्यांचा प्रसंग ‘रिडक्स’मध्ये परतला. मूळ सिनेमा आणि ‘रिडक्स’ एका आठवड्यात पाहिले तर तो प्रसंग स्वतःपुरता उत्तम असूनही कथेतल्या नदीप्रवासाला कसा बांध घालतो, हे अंगावर जाणवतं. काही चांगलं असूनही का काढावं लागतं, याचा याहून सरळ धडा मला ठाऊक नाही.

दुसरी वाट आपल्या घरातली आहे आणि तिच्यावरून फारसं कुणी चाललेलं नाही. प्रभात फिल्म कंपनी अनेक सिनेमे मराठीत आणि हिंदीत असे दोनदा बनवायची. डबिंग करून नव्हे, प्रत्येक दृश्य दोन्ही भाषांत चित्रित करून. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया ना माने’ (1937), ‘माणूस’ आणि ‘आदमी’ (1939), ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ (1941). संकलनाच्या विद्यार्थ्याला याहून मोठी देणगी कोणती? तोच दिग्दर्शक, तोच सेट, तोच प्रसंग, आणि दोन वेगळे कट. ‘शेजारी’त तर गजानन जागीरदार दोन्ही भाषांत मिर्झाच आहेत, पण समोरचा शेजारी मराठीत केशवराव दाते आणि हिंदीत मझहर खान. नट बदलला की प्रतिक्रियेला लागणारा वेळ बदलतो, वाक्याची लांबी बदलते, आणि कापणाऱ्याला शांततेची मापं नव्याने घ्यावी लागतात. दोन्ही प्रती शेजारी शेजारी लावून एकेका प्रसंगातले शॉट मोजावेत, प्रत्येकाची लांबी वहीत लिहावी. मराठी वाक्याला किती फ्रेम लागतात, हे जगातलं कुठलंही पाठ्यपुस्तक सांगणार नाही. हे दोन सिनेमे सांगतात.

तिसरी वाट माहितीपटांची. झिगा व्हर्टोव्हच्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’मध्ये (1929) सिनेमा मधेच थांबतो आणि संकलक येलिझावेता स्विलोवा टेबलावर बसलेली दिसते. समोर फिल्मच्या पट्ट्या, पट्टीत मुलांचे गोठलेले चेहरे. ती जोडते आणि चेहरे हसू लागतात. फिल्म्स डिव्हिजनचे जुने लघुपट यूट्यूबवर मोफत आहेत, त्यातला एस. एन. एस. शास्त्रींचा ‘आय ॲम 20’ (1967) मुलाखत कापणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावा. स्वातंत्र्यासोबत जन्मलेली विशीतली मुलं बोलतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तराला टेकून उभं केलंय. आज मुलाखतीचा मजकूर आपोआप टाइप होतो आणि वाक्य खोडलं की चित्रही कापलं जातं. सोय मोठी आहे, वेळ वाचतो. पण मजकुरात विराम दिसत नाही. बोलणारा उत्तराआधी थांबला, त्याने ओठ चावले, हे टाइप होत नाही, आणि वाचून कापणारा नेमकं तेच फेकतो. प्रमोद पतींचा ‘एक्स्प्लोरर’ (1968) दुसऱ्या टोकाचा: कटांचा असा मारा की सात मिनिटांत श्वास लागतो. झटपट कटांची आवड असलेल्यांनी तो पाहावा आणि त्यात लय कशी टिकते ते शोधावं.

न कापण्याचा अभ्यास करायचा तर चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (2014), संकलक रिखव देसाई. प्रसंगातलं मुख्य काम झाल्यावरही शॉट उभा राहतो, माणसं निघून जातात, खुर्च्या उरतात. सुट्टी लागण्याआधी न्यायालयाच्या दालनातले दिवे मालवले जातात आणि पडदा काळोखतो, तेव्हा सिनेमा संपला असं वाटून माणसं थिएटरात उठायच्या बेतात येतात. तो संपत नाही. त्या काळोखाची लांबी कुणीतरी फ्रेम मोजून ठरवली आहे.

आवाजाबद्दल थोडं रेंगाळणार आहे, कारण शिकणारी मुलं सर्वांत जास्त मार इथे खातात. चित्र कापून झालं की कुठलं तरी मोफत संगीत खाली पसरायचं आणि काम झालं म्हणायचं, ही सवय घरोघर लागली आहे. प्रत्यक्षात चित्र पक्कं झाल्यावर ध्वनीचं काम सुरू होतं आणि ते चित्राइतकंच सोसावं लागतं: संवादांची सफाई, गरज तिथे डबिंग, पावलं-भांडी-कपड्यांची सळसळ यांसाठी फोली, मग परिसराचे आवाज, संगीत आणि शेवटी या सगळ्यांचं मिक्सिंग. याची पहिली पायरी फुकट आहे. चित्रीकरणाच्या जागी सगळ्यांना गप्प करून त्या खोलीची तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड करून आणायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. दोन वाक्यांच्या मधला तुकडा काढल्यावर ती भरली नाही, तर आवाजात खड्डा पडतो आणि चांगला कटसुद्धा ठेचकाळतो.

आपल्याकडे या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. व्ही. शांतारामांनी ‘कुंकू’त पार्श्वसंगीत वापरलंच नाही. दृश्यात ज्याचा उगम आहे, तेवढेच आवाज: घड्याळ, ग्रामोफोन, रस्ता, घर. ध्वनी येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि बाकी सगळे पडदा सुरांनी भरत होते. ‘कुंकू’ आज ऐकताना नायिका नीरेचा एकाकीपणा त्या घराच्या आवाजांतून कळतो. आणि त्याच वाटेचं दुसरं टोक ‘सैराट’चा (2016) शेवट: दारातून आत गेलेलं लहान मूल, त्याचं न ऐकू येणारं रडणं, मग फरशीवरची लाल पावलं. संकलक कुतुब इनामदार. अडीच तास अजय-अतुलच्या संगीताने भरलेला सिनेमा तिथे मुका होतो. आवाज काढून घेण्याआधी तो इतका भरून दिला होता, म्हणून ती शांतता थिएटरभर पसरली. विद्यार्थ्यांनी शेवटची दहा मिनिटं तेवढी पाहून भागत नाही, आधीची झिंगही ऐकावी लागते.

रंगाचं थोडक्यात सांगतो. आधी सगळे शॉट एकमेकांशी जुळवायचे, मग मूड. लोक उलट करतात आणि मग प्रत्येक चेहरा वेगळ्या गावचा दिसतो. आणि आपल्या सावळ्या रंगाला सॉफ्टवेअरच्या तयार साच्यांत घालून गोरं करू नका. उन्हात राबलेल्या माणसाची कातडी तशीच दिसू द्या.

देवनागरीचा प्रश्न मात्र वेगळा सांगायलाच हवा, कारण इंग्रजी पुस्तकांत तो असणार नाही. शीर्षकं लिहिताना वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षर फुटून पायमोडकं होतं, ‘ऱ्ह’ तर ओळखू येत नाही. प्रीमियरमध्ये मजकुराच्या पसंतीत जाऊन दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडला की बरंच सुटतं. युनिकोड फॉन्टच वापरायचा. ज्या सॉफ्टवेअरात तरीही फुटतं, तिथे श्रेयनामावली दुसरीकडे लिहून पारदर्शक चित्र म्हणून आणावी. आणि मराठी जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावी. वर्षभर राबलेल्या सहायकाचं आडनाव पडद्यावर मोडलेलं दिसणं ही छोटी गोष्ट नाही.

आता संस्था. पुण्यात प्रभातच्याच जागेवर 1960 मध्ये सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट आणि कोलकात्याची 1995 मधली सत्यजित राय संस्था, इथे संकलन आणि ध्वनीचे पूर्ण वेळ अभ्यासक्रम आहेत. ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी पुण्याचेच विद्यार्थी. जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा कडक. 2017 पासून पुण्याची संस्था गावोगावी छोटे अभ्यासक्रम घेते, ते अनेकांच्या आवाक्यातले आहेत. खासगी वर्गांबद्दल एकच सल्ला देईन: फी भरण्याआधी विचारा की सरावाला कच्चं चित्रीकरण कुणाचं आणि किती मिळणार. उत्तर देताना समोरचा घुटमळला तर उठून यावं.

संस्था कितीही मोठी असली तरी खरं शिक्षण वर्गाइतकंच संकलकाच्या टेबलाशेजारच्या दुसऱ्या खुर्चीत, म्हणजे सहायकाच्या जागी, होतं. फिल्मच्या दिवसांत सहायकाला प्रत्येक काढलेला तुकडा नंबर लावून, खिळ्याला टांगून जपावा लागे. साहेबांनी ‘तो तिसऱ्या टेकचा शेवट दे’ म्हटलं की दोन फुटांची पट्टी शोधून द्यायची. हमाली होती, पण टाकलेला प्रत्येक तुकडा त्याच्या हातातून जायचा आणि काही का टाकलं, हे न विचारता कळायचं. शिवाय एक शॉट शोधायला अख्खं रीळ फिरवावं लागे, आणि जाताजाता नजरेआड झालेला एखादा शॉट पुन्हा भेटे. आता सहायक दुसऱ्या खोलीत, बरेचदा रात्रपाळीत, फायली लावून ठेवतो. संकलक सकाळी येतो. दोघांची गाठ हार्डडिस्कपुरती. वेळ वाचला आणि दुसरी खुर्ची रिकामी झाली. कुणाच्या शेजारी बसायची संधी मिळत असेल, तर पगार थोडा कमी पडला तरी ती घ्यावी असं मी मुलांना सांगतो, आणि ज्येष्ठांना विनंती करतो की आत बोलवा, बसू द्या.

ज्याला तशी खुर्ची मिळत नाही, त्याला निदान कच्चं चित्रीकरण मिळायला हवं. अमेरिकेत ‘गनस्मोक’ या जुन्या दूरचित्रवाणी मालिकेतल्या एका प्रसंगाचे सगळे टेक फिल्म शाळांना सरावासाठी दिले गेले. कितीएक पिढ्यांनी तोच प्रसंग कापला, आणि एकाच मालातून वर्गातल्या प्रत्येकाचा वेगळा प्रसंग निघतो, हे डोळ्यांनी पाहिलं. आज एडिटस्टॉकसारख्या ठिकाणी असं चित्रीकरण विकत मिळतं. चांगलं असतं, पण इंग्रजीत. वाक्य कुठे संपतं, माणूस कुठे श्वास घेतो, कुठल्या शब्दावर समोरच्याने मान खाली घालावी, हे कान घरच्या भाषेवर तयार होतात.

मराठीत असा संच का असू नये? दरवर्षी आपल्याकडे सिनेमे, मालिका, लघुपट, एकांकिकांची चित्रणं होतात आणि काम संपलं की कच्चा माल डिस्क रिकामी करण्यासाठी पुसला जातो. लग्नाच्या स्टुडिओत तर अल्बम गेला की महिन्याभरात. त्यातला एक प्रसंग, दोन माणसांचा, साध्या घरातला, एखाद्या निर्मात्याने नटांची लेखी परवानगी घेऊन द्यावा. ओके टेक आणि एनजी, म्हणजे नापास, टेक दोन्ही, क्लॅपसकट, दिग्दर्शकाच्या ‘पुन्हा घेऊ’सकट, खोलीच्या त्या तीस सेकंदांच्या शांततेसकट. सोबत पटकथेची पानं आणि कंटिन्युइटीचे कागद. चाळीस मिनिटांचा माल एचडीत, प्रोरेझ 422 या फाइल-प्रकारात ठेवला तर मिनिटाला साधारण 0.9 जीबी धरून 36-37 जीबी होतो. 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर तो मावतो, आणि पटकथा स्कॅन करून टाकायलाही जागा उरते.